नदीतल्या दगडाखालचा टारी आणि ‘टारी जैसा’: ही नवी प्रजाती असू शकते का?

सियोमकाठी (१९ जानेवारी, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी,

मी मूळचा कराडचा. गेली दोन वर्षं अरुणाचलात रस्त्याच्या कामावर आहे. मुक्काम आलो नावाच्या गावी, वेस्ट सियांग जिल्ह्यात. (हो, गावाचं नावच आलो. पहिल्या दिवशी आईला फोन केला, "आई, मी आलोला आलो." ती म्हणाली, "एकदा सांगितलंस तेवढं पुरे, जेवलास का ते सांग.")

गावाच्या अंगाने सियोम नदी जाते. हिवाळ्यात पाणी उतरलं की पात्रातले गोटे उघडे पडतात आणि सकाळी ऊन वर आलं की बायापोरं दगड उलथत हिंडतात. दगडाखाली काळपट तपकिरी चपटे किडे झोपलेले असतात. त्यांना इथे टारी म्हणतात. भाजून खातात, मिरची आणि बांबूच्या कोंबाबरोबर वाटून चटणी करतात, काही बहाद्दर तर दगडावरून उचलून थेट तोंडात टाकतात. मी चटणी खाल्ली आहे. पहिल्या घासाला जीभ बधिर झाल्यासारखी होते, वास साधारण चुरगळलेल्या कोथिंबिरीचा पण दहापट उग्र. तिसऱ्या घासाला आवडायला लागते.

आता मुद्दा. माझी घरमालकीण इथल्या गालो जमातीची एक आजी आहे, वय पंचाहत्तरच्या आसपास. परवा तिने आणलेले किडे सुपात ओतले आणि तांदळातले खडे निवडावेत तसे दोन ढीग केले. मोठे एकीकडे. लहान, जरा जास्त मळकट दिसणारे, दुसरीकडे. लहानांचा ढीग तिने उचलून अंगणाबाहेर फेकला. मी विचारलं, हे का टाकले? म्हणाली, "ये टारी नहीं है. टारी जैसा है."

मी चार-पाच उचलून आणले. साइटवरचा व्हर्नियर लावला. मोठे १८ ते २० मिलिमीटर, लहान १३-१४. मधलं काहीच नाही. इंटरनेटवर फोटो मिळवून पाहिले. मोठा जुळतो, लहान कशाशीच नीट जुळत नाही.

तर जाणकारांना तीन प्रश्न. एक, हा लहान किडा नवी प्रजाती असू शकतो का? दोन, असेल तर तिचं ‘वर्णन’ करतात म्हणजे नेमकं काय करतात, आणि माझ्यासारखा सिव्हिलवाला त्यात कुठवर हात लावू शकतो? तीन, नाव आजीचं देता येईल का?

---

वाड्याचा_जिना (१९ जानेवारी, रात्री १०.०५)

आमच्या वाड्यात १९८० साली जे किडे मिळायचे तेही चपटे तपकिरीच होते. आम्ही खाटा उन्हात टाकून वर उकळतं पाणी ओतत असू. चटणी करायची असते हे आजीने सांगितलं नाही, नाहीतर दोन पिढ्यांचं पोषण झालं असतं. हलकेच घ्या.

अवांतर: आईचं उत्तर भारी.

---

ढेकूणमास्तर (२० जानेवारी, सकाळी ६.५०)

प्रश्न चांगला आहे म्हणून लांबण लावतो. मी एकतीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आणि सुट्ट्या या मंडळींच्या मागे घालवल्या, त्यामुळे हे टोपणनाव विद्यार्थ्यांनीच ठेवलेलं आहे.

आधी शब्दाचं बघू. शहरी माणसाला ढेकूण म्हटलं की वरच्यांसारखी गादीच आठवते. शेतकऱ्याला विचारा. कपाशीवरचा लाल ढेकण्या, काजूचा मोहोर जाळणारा ढेकण्या, द्राक्षावरचा पिठ्या ढेकूण. त्याने हे सगळे एका नावाखाली आणले आणि बरोबर आणले. हे अर्धपंखी गणातलेच आहेत, सोंड खुपसून रस पिणारे. त्यातल्या खऱ्या ढेकण्याची खूण म्हणजे वरचा पंख: मुळाकडे चामड्यासारखा जाड, टोकाकडे पातळ पडदा. तुमचा मोठा टारी म्हणजे कोरिडियस नेपालेन्सिस, कूळ डिनिडोरिडी. वेस्टवूड नावाच्या इंग्रज कीटकतज्ज्ञाने १८३७ साली त्याचं वर्णन केलं, तेव्हा वंश ॲस्पोंगोपस धरला होता, म्हणून अजूनही पुष्कळ ठिकाणी ते जुनं नाव दिसतं.

आता लहान. नवी प्रजाती हे उत्तर शेवटी येतं, आधी साधी उत्तरं संपवावी लागतात. ही पिल्लं आहेत का? ढेकण्यांत अळी-कोष असा प्रकार नसतो, पिल्लू प्रौढासारखंच दिसतं, फक्त पंखांच्या जागी दोन छोटी झालर असते. तुमच्या लहानाला पडद्यासकट पुरा पंख असेल तर तो प्रौढ आहे, आता वाढणार नाही. मग नर-मादी? नर लहान असतो खरा, पण २० ला १३ इतका फरक मला पटत नाही, आणि मग आजी नर खाणं का टाळेल?

तिसरी शक्यता वंशच वेगळा. इथे तुम्ही आज रात्री एक काम करा. भिंग घ्या आणि मिशीचे खंड मोजा, डोक्याला चिकटलेला पहिला आखूड खंड धरून. कोरिडियसच्या प्रौढाला पाच असतात. याच कुळात सायक्लोपेल्टा म्हणून दुसरा वंश आहे, त्याला चार. दोन्ही मिशा मोजा, एकच नको. तुटलेल्या मिशीने मोठमोठ्यांना फसवलं आहे.

त्या मोठमोठ्यांत मीही. १९८७ च्या ऑगस्टमध्ये आंबोलीला एक ढेकण्या मिळाला, असा कधी पाहिला नव्हता. चार महिने खपून नऊ पानी वर्णन लिहिलं, आकृत्या शाईने काढल्या, बायकोच्या माहेरगावाचं नाव देऊन टाकलं. पाठवण्याआधी एका ज्येष्ठांना दाखवलं. त्यांनी काही न बोलता कपाटातून डिस्टंट या इंग्रज कीटकतज्ज्ञाच्या भारतीय ढेकण्यांवरच्या ग्रंथाचा पहिला खंड काढला आणि पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. १९०२ साली छापलेलं. माझा किडा, चित्रासकट. कोणता ते सांगत नाही, बायको हा धागा वाचते.

म्हणून सांगतो, डिस्टंट वाचल्याशिवाय भारतातल्या ढेकण्याला ‘नवा’ म्हणू नये. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतले त्याचे सात खंड आहेत, १९०२ ते १९१८. इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. तुमच्या कुळासाठी त्याच्या जोडीला १९८७ चं दुरईंचं जगभरातल्या डिनिडोरिडींचं पुनरावलोकन. माझं आंबोली आणि ते एकाच वर्षातलं, हा नुसता योगायोग.

हे सगळं करूनही जुळलं नाही, तर वर्णन. त्यात काय करतात?

मुख्य काम नराच्या शेपटाकडे असतं. ढेकण्यांचा रंग फार लबाड. एकाच जातीत फिकट, गडद, उन्हात विटलेले सगळे मिळतात. पण नराच्या पोटाच्या टोकाला एक टणक डबी असते, पायगोफोर म्हणतात तिला. ती काढायची, पोटॅशच्या सौम्य द्रावणात कोमट करून मांस विरघळवायचं आणि आतल्या आकड्यांचा, म्हणजे पॅरामिअरचा, आकार सूक्ष्मदर्शकाखाली काढायचा. जाती-जातीतला फरक तिथे उमटतो. मग डोक्यापासून बुडापर्यंत मोजमापं, मिशीचे खंड एकमेकांच्या प्रमाणात, सोंड पोटाच्या कुठवर पोचते, पाठीवरच्या त्रिकोणी ढालीचा आकार, गंधग्रंथीचं तोंड. हल्ली एका पायातून डीएनए काढून सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडाही वाचतात, जाती ओळखायचा बारकोड म्हणून. तो उपयोगी आहे, पण नुसत्या त्यावर मी कुणाला नाव देऊ देणार नाही.

आणि नियम आहेत. १९९९ नंतरच्या कोणत्याही नव्या नावासाठी एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून स्पष्ट नेमावा लागतो आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला हे छापावं लागतं. उद्या वाद झाला तर त्या टाचणीवरच्या किड्याला जाऊन विचारायचं, मला नाही. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात छापत असाल तर झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी लागते. आपल्याकडे शिवाय २००२ चा जैवविविधता कायदा: नवी जाती सापडली तर नेमलेल्या भांडारसंस्थेला कळवायचं आणि नमुना तिथे द्यायचा. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही त्यातली एक, १९१६ पासूनची. तुम्हाला लांब जायला नको, त्यांचं केंद्र इटानगरलाच आहे. (आमच्यासाठी पुण्यात आकुर्डीला.)

सिव्हिलवाल्याने काय करावं: नीट गोळा करावं आणि नीट चिठ्ठी लिहावी. चिठ्ठी नसलेला किडा म्हणजे कचरा. राज्य, जिल्हा, गाव, नदीपात्र, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, ‘दगडाखाली’, गोळा करणाऱ्याचं नाव. काही नमुने ९५ टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये, काही कोरडे, टाचणीवर. टाचणी त्या त्रिकोणी ढालीतून, मधोमध नाही, किंचित उजवीकडे, म्हणजे मधली खूण शाबूत राहते. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय एक पायही उचलायचा नाही.

यात शेवटची एक गोष्ट. तुमच्या आजीने मिशा मोजल्या नाहीत, पण दोन ढीग बरोबर केले असं माझं मन सांगतं. ती कशावरून ओळखते ते विचारा आणि तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. रंगावरून, वासावरून, हाताला लागणाऱ्या कडकपणावरून, की कोणत्या दगडाखाली मिळतो त्यावरून? वर्णनात ‘स्थानिक लोक दोन्ही वेगळे ओळखतात’ एवढं एक वाक्य टाकून लोक मोकळे होतात. त्या वाक्याच्या आत काय आहे ते मला नेहमी हवं असतं आणि कधीच मिळत नाही.

---

इंफाळची_सून (२० जानेवारी, दुपारी १.१५)

मास्तर, सुंदर प्रतिसाद. माझं माहेर सांगली, सासर मणिपूर. आमच्याकडे नाओसेक खातात, म्हणजे पाण्यातला तो बोटभर लांबीचा राक्षसी ढेकण्या, लेथोसेरस इंडिकस. तोही तुमच्याच अर्धपंखीतला. भाजून पंख-पाय काढून मिरचीच्या चटणीत, मोरोक मेतपात, कुटतात. एकच किडा पाच जणांच्या चटणीला पुरतो कारण वास जबरदस्त. लग्नानंतर पहिल्यांदा तो वास आला तेव्हा वाटलं कुणीतरी पिअर कापलंय.

सासूबाई बाजारात नर मागतात. वास नराला जास्त. त्या किडा उलटा करून पोटाचं टोक बघतात आणि एका सेकंदात सांगतात. मास्तरांचं ते शेपटाकडचं प्रकरण वाचून हसू आलं. आमच्या बाजारात हे रोज चालतं, पोटॅशशिवाय!

---

भोपळेवाला_निफाड (२० जानेवारी, रात्री ८.३०)

राम राम. आमच्या दुधी आणि काकडीच्या वेलावर तांबूस नारिंगी पाठीचा, मागे काळा पडदा असलेला ढेकण्या येतो. खोडाला ओळीने चिकटून बसतो, हात लावला की घाण वास. तो यांच्या टारीचाच भाऊ का? आणि असेल तर औषध मारण्यापेक्षा खाल्लेला काय वाईट?

---

ढेकूणमास्तर (२० जानेवारी, रात्री ९.१०)

निफाडकर, सख्खा भाऊच. कोरिडियस जेनस. फॅब्रिशियस या डॅनिश कीटकतज्ज्ञाने १७७५ सालीच नाव देऊन ठेवलंय. या वंशाचा भोपळावर्गीय वेलांवर जीव असतो. पण खायचं मनातही आणू नका. एक तर तुमच्या वेलावर काय काय फवारलंय ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि त्याने सोंडेने तेच प्यायलंय. दुसरं, भाऊ खाण्याजोगा म्हणून हाही तसाच, असा हिशेब किड्यांत चालत नाही. धोतरा आणि वांगी एकाच कुळातली आहेत.

सूनबाई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

---

सियोमकाठी (२४ जानेवारी, रात्री ११.२०)

सगळ्यांचे आभार. उशीर झाला कारण पुलाच्या पाइल कॅपचं काँक्रीट होतं, तीन रात्री तिथेच.

मास्तर, मोजलं. फोनला वीस रुपयांच्या लेसर पॉइंटरची लेन्स चिकटवून. मोठ्याला पाच खंड. लहानाला चार. सहाच्या सहा लहानांना, दोन्ही मिशांना चार. पंख पुरे आहेत, पडद्यासकट. म्हणजे पिल्लं नाहीत आणि कोरिडियस नाहीत. सायक्लोपेल्टा म्हणायचं ना?

थोडा हिरमोड झाला खरा. मी मनात नाव ठरवून बसलो होतो.

आजीला विचारलं. तिचं उत्तर जसंच्या तसं (हिंदीतून): टारी हातात धरला की घट्ट आणि ‘तेलाचा’ लागतो, जैसावाला हलका, पोकळ. टारी पाण्याजवळच्या मोठ्या दगडाखाली, पाच-दहा एकत्र. जैसावाला काठाच्या वर, झाडांजवळच्या लहान दगडाखाली किंवा पालापाचोळ्यात, आणि मिळाला तर खूपच, एकावर एक. कोणत्या झाडाजवळ? तिने दाखवलं, पण आता पानं नाहीत. शेंगा लोंबताहेत.

विषारी आहे म्हणून टाकता का, हे विचारल्यावर ती हसली. म्हणाली, चव नाही म्हणून. चक्कर येते ती खऱ्या टारीने. सवय नसलेल्याने कच्चे जास्त खाल्ले तर डोकं गरगरतं, ताप येतो, एकदोन दिवस माणूस आडवा. आमच्या साइटवरच्या बिहारच्या एका पोराला मागच्या हिवाळ्यात तसं झालं होतं, तेव्हा आम्हाला वाटलं दारूने.

मग मी तर चटणी खाऊन ठणठणीत कसा? आणि खाणारे लोक यातलं नेमकं काय काढून टाकतात?

---

ढेकूणमास्तर (२५ जानेवारी, सकाळी ७.००)

वा. हिरमोड कसला? चार दिवसांत तुम्ही वंशापर्यंत आलात, माझे एम.एस्सी.चे विद्यार्थी सहा महिने घ्यायचे. झाडांजवळ, एकावर एक, शेंगा: हे सायक्लोपेल्टाला धरून आहे. त्या वंशाला शेंगावर्गीय झाडं आवडतात आणि तो झुंडीने बसतो. हिमालयाच्या पायथ्याचे सायक्लोपेल्टा सिक्सिफोलिया आणि सायक्लोपेल्टा सबहिमालयेन्सिस हे दोन आधी ताडून बघायचे. त्यातला एक निघायची शक्यता जास्त. पण दार बंद झालेलं नाही. वंश कळला म्हणजे जाती कळली असं नाही, आणि नराची डबी उघडल्याशिवाय मी हो-नाही काहीच म्हणणार नाही.

खाण्याचं. ढेकण्यांचा तो वास म्हणजे त्यांचं शस्त्र आहे. प्रौढाच्या छातीच्या खालच्या अंगाला, मागच्या पायांच्या मुळाशी गंधग्रंथी उघडतात. पिल्लांच्या त्या पाठीवर असतात. त्यातली ॲल्डिहाइडं उडून जाणारी असतात, तव्यावर बराचसा भाग जातो. टारीने गरगरतं ते याच रसायनांनी की आणखी कशाने, ते मी इथून सांगणार नाही. तुम्ही भाजलेला वाटून दोन चमचे खाल्लात, त्या पोराने कच्चे ओंजळभर, एवढा फरक तर समोरच आहे. कच्चा खाऊ नका. आणि कोळंबी-खेकड्याने ज्याच्या अंगाला खाज सुटते त्याने कोणताच किडा खाऊ नये. ॲलर्जी देणारं प्रथिन जवळपास तेच आहे.

काढून टाकण्याची रीत मात्र खाणाऱ्यांनी जगभर शोधलेली आहे. झिंबाब्वेत बिकिता भागातल्या नोरुमेड्झोच्या जंगलात हारुर्वा नावाचा हिरवा ढेकण्या मिळतो. तिथे जिवंत किडे बादलीत घालून वरून कोमट पाणी ओततात आणि ढवळतात. किडा चिडतो, सगळं रसायन सोडून देतो, ते पाणी फेकायचं, पुन्हा ओतायचं. मग उकळून वाळवायचे. यातली मेख अशी की किडा जिवंतच हवा. आधीच मेलेल्याने रसायन सोडलेलं नसतं, तो कडू आणि तोंड भाजणारा, म्हणून मेलेले निवडून काढतात. दक्षिण आफ्रिकेतले वेंडा लोक मेलेलेही वाया घालवत नाहीत, मुंडकं मोडून पोट दाबून ग्रंथी बाहेर काढतात. शस्त्रक्रियाच ती.

आणि त्या किड्याचं शास्त्रीय नाव काय? एन्कोस्टर्नम डेलेगॉर्गेई, नाव देणारा स्पिनोला, साल १८५०. देलगोर्ग हा त्या भागात फिरलेला फ्रेंच शिकारी. बादलीत पाणी ओतणाऱ्या बायकांचा त्या नावात मागमूस नाही. याच्या उलट मेक्सिकोतलं उदाहरण. टाक्स्को गावाच्या डोंगरावर जुमिल नावाचा ढेकण्या लोक पूर्वापार खात आलेत. मृतात्म्यांच्या दिवसानंतरच्या सोमवारी गावच्या गाव डोंगरावर लोटतं, काही जण जिवंतच मुरमुऱ्यासारखे तोंडात टाकतात. १९३२ साली लिओपोल्दो अँकोना यांनी त्याचं नवी प्रजाती म्हणून वर्णन केलं आणि नाव दिलं टॅक्सकोएन्सिस, टाक्स्कोचा. निदान गाव तरी राहिलं. त्यात ‘नवी’ काय होतं म्हणाल, तर कागद.

तुमचा तिसरा प्रश्न मी विसरलेलो नाही. आजीचं नाव देता येतं. स्त्रीच्या नावावरून करताना शेवटी ‘ई’ उच्चाराचं षष्ठीचं रूप लागतं, तेवढंच. पण लॅटिन-ग्रीकच हवं असंही नाही. कुठल्याही भाषेतला शब्द नाम म्हणून जसाच्या तसा जोडता येतो, फक्त रोमन लिपीत. मला विचाराल तर आजीला आधी विचारा. माझ्या बायकोला मी विचारलं नव्हतं, आणि एका दृष्टीने बरं झालं.

---

इंफाळची_सून (२५ जानेवारी, सकाळी ९.३०)

‘टारी जैसा’ हेच नाव द्या ना! 

---

सियोमकाठी (८ मार्च, रात्री १०.१५)

मास्तर, वाईट बातमी आहे.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे फेब्रुवारीत दोन रविवार काठावर घालवले. ‘जैसा’ मिळाले छत्तीस. चिठ्ठ्या लिहिल्या, जीपीएस, उंची, सगळं. अल्कोहोल मात्र मिळेना. कुरिअरवाला ज्वालाग्राही म्हणून घेत नाही, इथल्या औषधाच्या दुकानात सत्तर टक्क्यांचं सॅनिटायझर. शेवटी इटानगरहून एक जण आणणार असं ठरलं, तोवर किडे भोकं पाडलेल्या लोणच्याच्या बरणीत पानांसकट जिवंत ठेवले आणि बरणी आजीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, कारण माझ्या खोलीत ऊन येत नाही.

मी दोन दिवस साइटवर होतो. आजी लेकीकडे गेली होती. तिची नातसून शहरातून आली, पाहुणे आले, तिला वाटलं आजीने टारी साठवून ठेवलेत. तव्यावर भाजून, मिरची घालून वाटून ताटात वाढले. तेहतीस.

परतल्यावर मी काही बोलू शकलो नाही. आजी आली, तिने ऐकलं, आणि अर्धा तास हसत होती. नातसुनेला एवढंच विचारलं, चव कशी होती? ती म्हणाली, "फीका था. हमको लगा पुराना हो गया."

पाहुण्यांपैकी कुणाला काही झालं नाही. हेही लिहून ठेवलंय, तारखेसकट.

आता नदी चढायला लागली आहे, काठावर काही मिळणार नाही. बरणीच्या झाकणाला चिकटून तीन राहिले होते, ते अल्कोहोलमध्ये टाकलेत. त्यातल्या एकाला पाच पाय.

---

वाड्याचा_जिना (८ मार्च, रात्री १०.२२)

होलोटाइप चटणीत गेला! +१

---

ढेकूणमास्तर (९ मार्च, सकाळी ६.४०)

पाच पायांचा चालतो. मिशा शाबूत आहेत ना?

तिघांना उताणं करून पोटाच्या टोकाचे फोटो टाका, जवळून, उजेड बाजूने. टोकाला मधोमध उभी चीर आणि दोन्हीकडे पट्ट्या दिसल्या तर मादी. एकसंध वाटीसारखं दिसलं तर नर. एक नर पुरेसा आहे. नातसुनेचं ते ‘फीका था’ वहीत लिहिलंत, चांगलं केलंत.